०.००३८३ की ०.०१०४? ‘एरर किती’ या एका प्रश्नाचे प्रकरण

पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये न्यूमेरिकल इंटिग्रेशन, म्हणजे वक्राखालचे क्षेत्रफळ (इंटिग्रल) आकडेमोडीने काढणे, अगदी शेवटी येते. तोवर वर्गही दमलेला असतो आणि शिकवणाराही. ट्रॅपेझॉइडल रूल (वक्राखाली उभ्या पट्ट्या पाडून प्रत्येक पट्टी समलंब चौकोन धरायची) सांगायचा, सिम्पसनचा सांगायचा, एररचे सूत्र फळ्यावर लिहायचे, दोन उदाहरणे सोडवायची आणि पुढे सरकायचे. मीही बरीच वर्षे हेच केले. हे प्रकरण त्या सवयीला धक्का देणाऱ्या एका उत्तरपत्रिकेचे आहे. उत्तर चूक होते आणि तरीही माझ्या आदर्श उत्तरापेक्षा खऱ्या आकड्याच्या जास्त जवळ होते. त्याचा उलगडा करताना मला दिसले की एरर म्हणजे काय, हेच मी वर्गाला नीट सांगितले नव्हते.

चाचणीतला प्रश्न पाच गुणांचा होता. ‘ई^(−क्ष²) या फलनाचे ० ते १ या मर्यादांतले इंटिग्रल चार पट्ट्या घेऊन ट्रॅपेझॉइडल रूलने काढा. एरर किती ते सांगा.’

हे फलन मी मुद्दाम घेतले होते. त्याचा अँटिडेरिव्हेटिव्ह, म्हणजे थेट इंटिग्रल काढायला लागणारे फलन, नेहमीच्या फलनांत लिहिताच येत नाही, हे एकोणिसाव्या शतकात लिऊव्हिल या फ्रेंच गणितज्ञाच्या कामातून सिद्ध झाले आहे. म्हणजे इथे अंकगणितावाचून गत्यंतर नाही. नाही तर मुले विचारतात, आणि रास्तच विचारतात, की सरळ इंटिग्रेट करता येत असेल तर पट्ट्या कशाला पाडायच्या?

चार पट्ट्यांचे उत्तर ०.७४२९८४. हे जवळपास सगळ्यांनी बरोबर काढले. एररसाठी वर्गात दिलेले सूत्र असे: एरर जास्तीत जास्त के × (ब − अ)³ ÷ (१२ × न²). यात अ आणि ब या मर्यादा, न म्हणजे पट्ट्यांची संख्या आणि के म्हणजे त्या अंतरात दुसऱ्या डेरिव्हेटिव्हची (वक्र किती आणि कोणत्या बाजूला वाकतो ते तो सांगतो), चिन्ह सोडून, सर्वांत मोठी किंमत. इथे दुसरा डेरिव्हेटिव्ह (४क्ष² − २) × ई^(−क्ष²) आहे. शून्यापाशी तो −२ असतो आणि एकपाशी ०.७३५८. चिन्ह सोडले तर मोठी किंमत २, म्हणून के = २ आणि एरर जास्तीत जास्त २ ÷ १९२, म्हणजे ०.०१०४. माझ्या आदर्श उत्तरात हेच होते.

एका विद्यार्थिनीने वेगळे लिहिले होते. दुसरा डेरिव्हेटिव्ह ० ते १ मध्ये सतत वाढतो हे तिने तिसरा डेरिव्हेटिव्ह काढून नीट दाखवले. मग एक ओळ होती: ‘म्हणून सर्वांत मोठी किंमत क्ष = १ ला, के = ०.७३५८, एरर = ०.००३८३.’ मॉड्युलस, म्हणजे चिन्ह सोडून किंमत घेणे, राहिला होता; मी तिथे लाल गोल केला, दोन गुण कापले आणि पुढची उत्तरपत्रिका घेतली.

दोन दिवसांनी ती उत्तरपत्रिका घेऊन आली. तक्रारीचा सूर नव्हता, कुतूहल होते.

“मॅडम, मॉड्युलस राहिला, ते मान्य आहे. पण मी कॅल्क्युलेटरवर खरे उत्तर बघितले. ०.७४६८२४ येते. चार पट्ट्यांच्या उत्तरातला फरक ०.००३८४ आहे. मी ०.००३८३ लिहिले. तुमचे ०.०१०४ आहे. मग एरर कोणाचा बरोबर?”

मी लगेच म्हटले, “माझा आकडा ही कमाल मर्यादा आहे. एरर त्याच्या आत असतो एवढेच ती सांगते.”

“पण प्रश्नात कमाल मर्यादा विचारलेली नाही. एरर किती, असे विचारले आहे.”

मी प्रश्नपत्रिका परत वाचली. तिचे बरोबर होते.

गुणांचे बघते, असे सांगून मी तिला पाठवले. ‘योगायोग असेल’ असे मनाशी म्हटले खरे, पण ते उत्तर माझे मलाच पटेना. चार दशांश स्थळांपर्यंत जुळणारा योगायोग तपासून बघायलाच हवा. त्या संध्याकाळी पेन घेऊन बसले.

पहिली गोष्ट लगेच सापडली. तिचा आकडा सहा स्थळांपर्यंत ०.००३८३२ होता आणि खरा फरक ०.००३८४०. म्हणजे मर्यादा म्हणून तिचे उत्तर मोडते, ०.००००८ च्याही दहाव्या भागाने का होईना, पण मोडते. आठ पट्ट्या घेऊन पाहिले. तिच्या रीतीने ०.०००९५८०, खरा फरक ०.०००९५८५. पुन्हा मोडली. दोन पट्ट्यांना ०.०१५३३ विरुद्ध ०.०१५४५, एका पट्टीला ०.०६१३ विरुद्ध ०.०६२९. प्रत्येक वेळी खरा एरर तिच्या ‘कमाल’पेक्षा थोडासा जास्तच. हमी म्हणून ही रीत नापास. पण अंदाज म्हणून? माझे ०.०१०४ खऱ्या एररच्या जवळजवळ पावणेतीन पट होते, आणि तिचे उत्तर त्याला अगदी चिकटून.

दुसऱ्या गोष्टीला वेळ लागला, आणि या प्रकरणाचा गाभा तीच आहे. एका पट्टीतला एरर साधारणपणे रुंदीच्या घनाला बाराने भागून, त्या पट्टीतल्या दुसऱ्या डेरिव्हेटिव्हने गुणले की मिळतो. सगळ्या पट्ट्यांचा एरर हवा तर या तुकड्यांची बेरीज करायची. त्या बेरजेतून रुंदीचा वर्ग भागिले बारा बाहेर काढला की आत काय उरते? प्रत्येक पट्टीतला दुसरा डेरिव्हेटिव्ह गुणिले रुंदी, यांची बेरीज. म्हणजे दुसऱ्या डेरिव्हेटिव्हचा रीमान सम, पट्ट्या बारीक होत गेल्या की ज्याचे इंटिग्रल होते ती बेरीज! सत्राच्या मध्यावर मुलांना शिकवलेली तीच गोष्ट इथे एररच्या पोटात बसलेली आहे. आणि दुसऱ्या डेरिव्हेटिव्हचे इंटिग्रल म्हणजे पहिल्या डेरिव्हेटिव्हच्या दोन टोकांच्या किमतींतला फरक. ऑयलर आणि मॅक्लॉरिन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, अठराव्या शतकातल्या सूत्राचे हे पहिले पद. पण इथे पोचायला ते नाव लागत नाही, पहिल्या वर्षाचे कॅल्क्युलस पुरते.

आपल्या फलनाचा पहिला डेरिव्हेटिव्ह −२क्ष × ई^(−क्ष²). शून्यापाशी तो शून्य आणि एकपाशी −२ ÷ ई, म्हणजे −०.७३५८. दुसरा डेरिव्हेटिव्ह एकपाशी (४ − २) ÷ ई, म्हणजे +०.७३५८. आकडा तोच, चिन्ह उलटे. तिने चुकीच्या कारणाने जी संख्या घेतली, तीच नेमकी अंदाजाला लागणारी संख्या निघाली. या फलनाच्या आणि या टोकाच्या जुळणीमुळेच तसे घडले.

चिन्ह उलटे असण्यालाही अर्थ आहे. एकपाशी वक्र झोळीसारखा खाली लोंबतो. झोळीच्या दोन टोकांत दोरी ताणली तर ती वक्राच्या वरून जाते, म्हणून समलंब चौकोन जास्त क्षेत्रफळ देतात. नुसत्या त्या टोकावर विसंबले तर उत्तर खऱ्यापेक्षा मोठे यायला हवे होते. प्रत्यक्षात ते लहान आले. मी प्रश्नात ‘उत्तर कमी येईल की जास्त?’ एवढे विचारले असते, तर तिच्या युक्तिवादातली फट तिला तिथेच दिसली असती.

मग मॉड्युलस का राहिला? वही चाळली. वर्गात मी तीन उदाहरणे सोडवली होती: ई^क्ष, क्ष³ आणि १ ते २ मध्ये १ ÷ क्ष. तिन्हींचा दुसरा डेरिव्हेटिव्ह त्या त्या अंतरात धनच असतो. मी मॉड्युलसच्या दोन उभ्या रेघा प्रत्येक वेळी काढल्या होत्या, पण तीनपैकी एकाही उदाहरणात त्यांना काही काम नव्हते. ज्या खुणेला काम नाही ती मुलांच्या लक्षात कशी राहणार? मॉड्युलस विसरला की काय बिघडते हे दाखवणारे एकही उदाहरण मी दिले नव्हते, आणि गुण मात्र नेमके त्यासाठीच कापले होते.

गुणांचा निर्णय मी असा केला. के चे कारण चूक होते, म्हणून त्याचा एक गुण कापलेला ठेवला. एररच्या आकड्याचा गुण परत दिला, कारण प्रश्नात जे शब्द होते त्यांना तिचे उत्तर माझ्या उत्तरापेक्षा जास्त लागू होते. हा निर्णय सगळ्या वर्गाला कारणासह सांगितला.

पुढचा तास मी फक्त चार पट्ट्यांवर घालवला. सूत्र नाही, नवे फलन नाही. फळ्यावर ई^(−क्ष²) चा वक्र मोठा काढला, त्याच्या ० ते १ मध्ये चार पट्ट्या पाडल्या आणि प्रत्येक पट्टीचे खरे क्षेत्रफळ आधी काढून आणलेले लिहून ठेवले. समलंबाचे क्षेत्रफळ मुलांनी काढले. खऱ्यातून समलंब वजा केल्यावर उरले ते असे:

पहिली पट्टी, ० ते ०.२५: ०.००२४६
दुसरी, ०.२५ ते ०.५०: ०.००१६२
तिसरी, ०.५० ते ०.७५: ०.०००३९
चौथी, ०.७५ ते १: −०.०००६३

बेरीज ०.००३८४.

चौथी ओळ लिहिल्यावर मागच्या बाकावरून आवाज आला, “वजा कसे?” मी काही न बोलता वक्रावर हात फिरवला. पहिल्या दोन पट्ट्यांत वक्र कमानीसारखा, वर फुगलेला, दोरी खालून जाते, क्षेत्रफळ कमी पडते. ०.७०७ च्या आसपास कमान संपते आणि झोळी सुरू होते. तिसऱ्या पट्टीत हा बदल होतो, म्हणून तिथला फरक एवढासा. चौथी पट्टी पूर्ण झोळीत, म्हणून तिथे समलंब जास्त देतो आणि आधीची थोडी तूट भरून काढतो. ०.०१०४ एवढे मोठे का, याचे उत्तर आता फळ्यावरच होते. ती मर्यादा असे धरून चालते की सगळ्या पट्ट्या सर्वांत वाकड्या जागेइतक्याच वाकड्या आहेत आणि कोणीही कोणाची तूट भरत नाही. हमी द्यायची तर असेच धरावे लागते.

इथे एक भाषेची अडचण सांगायला हवी, कारण ती फक्त शब्दांची नाही. ‘एरर’ला आपण मराठीत कधी चूक म्हणतो, कधी त्रुटी. ‘चूक’ म्हटले की कोणीतरी चुकले असे वाटते. एका मुलाने त्याच तासाला विचारले, “मॅडम, मी सगळी आकडेमोड बरोबर केली, मग चूक कुठून आली?” ‘त्रुटी’ म्हटले की काहीतरी उणीव राहिली असे वाटते, आणि चौथ्या पट्टीत तर उणीव नाही, जास्तीचे आहे. मी हल्ली वर्गात ‘फरक’ म्हणते. खऱ्या किमतीतला आणि काढलेल्या किमतीतला फरक. साधा शब्द आहे, पण त्याला चिन्ह लावता येते, बेरीज करता येते आणि तो कोणावर आळ घेत नाही. मग ‘फरकाची हमी’ आणि ‘फरकाचा अंदाज’ हे दोन वेगळे शब्दप्रयोग आपोआप जागेवर बसतात. हमी म्हणजे: फरक याहून मोठा नाही, मी लिहून देते. अंदाज म्हणजे: फरक साधारण एवढा असेल, पण मी सही करणार नाही.

हमीला किंमत मोजावी लागते, हे मुलांना आकड्यातच दाखवले. फरक ०.०००१ च्या आत हवा असेल तर पट्ट्या किती? हमीच्या सूत्राने ४१. अंदाजाने २५. वरच्या सोळा पट्ट्या म्हणजे सही करण्याची किंमत. कोणत्या कामाला हमी लागते आणि कोणत्या कामाला अंदाज पुरतो, यावर वर्ग बराच वेळ बोलला. पुलाच्या तुळईवरचा भार काढताना एक, आलेखावर रेघ ओढताना दुसरे. ही चर्चा मी ठरवली नव्हती. ती लांबली तशी लांबू दिली.

मग तिच्या रीतीची खरी परीक्षा. फलन बदलले: साइन(पाय × क्ष), तीच मर्यादा ० ते १, त्याच चार पट्ट्या. दुसरा डेरिव्हेटिव्ह −पाय² × साइन(पाय × क्ष). मॉड्युलस न लावता याची सर्वांत मोठी किंमत किती? सगळीकडे ऋण, फक्त दोन टोकांना शून्य. म्हणजे सर्वांत मोठी किंमत शून्य. म्हणजे के शून्य. म्हणजे एरर शून्य!

वर्ग हसला नाही, वह्यांत खाली बघून आकडेमोड करू लागला, आणि मला ते फार आवडले. चार पट्ट्यांचे उत्तर ०.६०३६, खरे उत्तर २ ÷ पाय, म्हणजे ०.६३६६. फरक ०.०३३१. मॉड्युलस लावून हमी काढली तर पाय² ÷ १९२ = ०.०५१४, फरक तिच्या आत. पहिल्या डेरिव्हेटिव्हच्या टोकांच्या फरकाने अंदाज काढला तर २ × पाय ÷ १९२ = ०.०३२७. अंदाज इथेही जवळ गेला, हमी इथेही टिकली, आणि मॉड्युलस विसरलेली रीत ‘फरक नाही’ म्हणून मोकळी झाली. ज्या विद्यार्थिनीमुळे हे सगळे सुरू झाले, तिने वहीत दोन्ही उदाहरणे शेजारीशेजारी लिहिली आणि पहिल्याच्या खाली ‘०.७३५८ दोनदा आले, दोन वेगळ्या ठिकाणांहून’ अशी ओळ लिहिली. माझ्या स्पष्टीकरणापेक्षा ती ओळ नेमकी होती.

आता खरी अडचण. आतापर्यंतच्या प्रत्येक आकड्याशेजारी खरे उत्तर मांडता येत होते. प्रत्यक्षात ते नसतेच, ते असते तर हा खटाटोप कशाला? मग फरक किती, हे ठरवायचे कसे? आमच्या पाठ्यक्रमात याचे उत्तर नाही आणि माझ्या मते ही त्या धड्यातली मोठी उणीव आहे.

उत्तर सोपे आहे. पट्ट्या दुप्पट करा आणि बघा. या फलनाचे आकडे: एक पट्टी ०.६८३९४, दोन ०.७३१३७, चार ०.७४२९८, आठ ०.७४५८७. पट्टी निम्मी केली की फरक चौथाईवर येतो, कारण त्यात रुंदीचा वर्ग आहे. तसे असेल तर चार आणि आठ पट्ट्यांच्या उत्तरांतले अंतर हे आठच्या फरकाच्या तिप्पट असणार. ते अंतर ०.००२८८१५, त्याला तीनने भागा: ०.०००९६०५. आठ पट्ट्यांचा खरा फरक ०.०००९५८५. खरे उत्तर न बघता फरक कळला, तोही तीन दशलक्षांशांच्या आत. ही युक्ती लुइस फ्राय रिचर्डसन यांनी १९११ मध्ये मांडली. हवामानाचा अंदाज आकडेमोडीने काढू पाहणाऱ्या आद्य लोकांपैकी ते एक.

वर्गातल्या एकाने तो ०.०००९६०५ हा अंदाज आठच्या उत्तरात मिळवून पाहिला. आले ०.७४६८२६, खऱ्यापेक्षा फक्त ०.०००००२ ने जास्त. मी फळ्यावर सिम्पसनचा नियम आठ पट्ट्यांसाठी काढून दाखवला: ०.७४६८२६. दोन्ही एकच. दोन समलंबी उत्तरांतून असा फरक काढून टाकला की जे उरते तेच सिम्पसनचे. ‘१, ४, २, ४, …, १’ हे पाठ केलेले गुणक कुठून येतात ते त्या दिवशी पहिल्यांदा वर्गात दिसले. थॉमस सिम्पसन यांचे पुस्तक १७४३ चे, पण केप्लर यांनी पिंपांचे घनफळ मोजायला हीच कल्पना १६१५ मध्ये वापरली होती.

कॅल्क्युलेटरवरचे सगळे आकडे उतरवायची सवयही याच तासाला सुटली. फरक तिसऱ्या स्थळावर आहे हे माहीत असताना ०.७४२९८४०९७८ लिहिण्यात अर्थ नाही. त्यावर वेगळे भाषण करावे लागले नाही.

नंतर मी प्रश्नच बदलला. ‘एरर किती ते सांगा’ हे वाक्य माझ्या प्रश्नपत्रिकांत आता नाही. त्याऐवजी: उत्तर खऱ्यापेक्षा कमी असेल की जास्त, आकृतीवरून सांगा. फरकाची हमी द्या. फरकाचा अंदाज द्या, खरे उत्तर न वापरता. हमी आणि अंदाज यांत एवढे अंतर का, ते दोन ओळींत लिहा. या चौथ्या भागात कोणाला काय कळले आहे ते लगेच दिसते. तपासायला वेळ जास्त लागतो, पण तो वेळ द्यावा असेच मला वाटते. आणि वर्गातल्या उदाहरणांत दुसरा डेरिव्हेटिव्ह ऋण असणारे एक फलन आता पहिल्याच दिवशी येते.

गृहपाठाला मुद्दाम एक अवघड जागा ठेवली: क्ष चे वर्गमूळ, ० ते १. खरे उत्तर २/३, पण ते न वापरता फरकाचा अंदाज द्यायचा. इथे शून्यापाशी दुसरा डेरिव्हेटिव्ह अनंताकडे जातो, के नावाची संख्याच नाही, म्हणून हमीचे सूत्र वापरता येत नाही. बरेच जण तिथे थांबले. काहींनी सरळ रिचर्डसनची युक्ती लावली: चार पट्ट्यांचे ०.६४३२८, आठचे ०.६५८१३, अंतराला तीनने भागून ०.००४९५. खरा फरक ०.००८५४. अंदाज चांगलाच तोकडा, आणि त्यांना ते कळायला मार्ग नव्हता.

त्या विद्यार्थिनीने तीनने भागण्याआधी एक गोष्ट केली होती. दोनवरून चारवर जाताना उत्तर किती सरकले आणि चारवरून आठवर जाताना किती, याचे गुणोत्तर तिने काढले. ई^(−क्ष²) ला ते ४.०३ येते. इथे २.६८ आले. तिने लिहिले: ‘चारच्या जवळ नाही, म्हणून तीनने भागत नाही.’ खाली प्रश्न: ‘मग कितीने भागायचे?’

मी समासात फक्त पहिली पट्टी बघायला सांगितले. पट्टीची रुंदी र असेल तर तिथले खरे क्षेत्रफळ दोन तृतीयांश गुणिले र चा दीड घात, समलंबाचे त्याच घाताचे निम्मे, फरक एक षष्ठांश. म्हणजे फरक रुंदीच्या वर्गाने नाही, दीडाव्या घाताने कमी होतो, आणि पट्टी निम्मी केली की तो चारऐवजी २.८३ ने घटतो. आठ पट्ट्यांना ही पहिली पट्टी एकटी ०.००७३७ खाते, एकूण ०.००८५४ पैकी.

चार दिवसांनी तिने कागद आणून दिला. पट्ट्या आठच, पण सारख्या रुंदीच्या नाहीत. छेद ०, १/६४, ४/६४, ९/६४ असे वर्गांच्या ओळीने ६४/६४ पर्यंत घेतलेले, म्हणजे शून्यापाशी दाट आणि पुढे विरळ. फरक ०.००८५४ वरून ०.००२६० वर उतरला होता. चार पट्ट्यांना अशाच रीतीने काढलेला फरक शेजारी होता: ०.०१०४२. दोन्हींच्या मध्ये तिने बाण काढून गुणोत्तर लिहिले होते: ४, अगदी बरोबर ४.